फ्रोडोला नायक म्हणायचं की नाही? (लॉर्ड ऑफ द रिंग्ज, पुस्तक)

सांजवात

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर इथे जुने धागे आहेत पण ते बहुतेक सिनेमांबद्दल आहेत. मला टॉल्किनच्या पुस्तकाबद्दल आणि त्यातही फक्त फ्रोडोबद्दल बोलायचंय, म्हणजे दुष्ट सॉरॉनची अंगठी माउंट डूमच्या आगीत टाकायला निघालेल्या त्या हॉबिटबद्दल (हॉबिट म्हणजे बुटकी, घरकोंबडी माणसं). ज्यांनी वाचलं नाहीये त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळा शेवट फुटणार आहे.

माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाचं मत एकच. फ्रोडो रडका, खरं काम त्याच्या माळ्याने, सॅमने केलं, आणि एवढं सगळं करून माउंट डूमच्या कड्यावर पोचल्यावर हा म्हणतो की अंगठी माझी आहे, मी टाकणार नाही. पूर्वी अंगठी ज्याच्याकडे होती त्या गॉलमने बोट चावून तोडलं, नाचता नाचता त्याचा तोल गेला आणि तो अंगठीसकट आगीत पडला म्हणून जग वाचलं. मग हा कसला नायक?

मला हे अजिबात पटत नाही. त्या अंगठीचा कावा असा आहे की माणूस जितका मोठा तितका तिचा धोका जास्त. फ्रोडो ती जादूगार गॅन्डाल्फला देऊ करतो, तो घाबरून नको म्हणतो. एल्फांच्या गॅलाड्रिएलला देऊ करतो, तिला मोह होतो पण तीही नाकारते. म्हणजे ज्याला काहीच नकोय असाच कोणीतरी ती नेऊ शकतो. फ्रोडो पन्नाशीचा आहे, घरदार आहे, पुस्तकं आहेत, एकट्याने लांब फिरायला जायची आवड आहे. त्याला राज्य नको, सूड नको, नाव नको. अंगठीचं काय करायचं हे ठरवायला भरलेल्या एलरॉन्डच्या सभेत सगळे गप्प बसलेले असताना त्याला मनातून, ज्याच्याकडून अंगठी आली त्या बिल्बोजवळ तिथेच राहायचं असतं, आणि तरी तो म्हणतो मी नेतो, मला रस्ता माहीत नाही. आपल्याच तोंडून हे शब्द कसे आले याचं त्यालाच नवल वाटतं. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं धाडस हे आहे, तलवारीची सगळी युद्धं त्यानंतर.

तुम्हाला काय वाटतं?

वेलदोडा

छान विषय. मी टीम सॅम, हे आधीच सांगून ठेवते. सविस्तर लिहिते रात्री.

टिटवी

दुसऱ्या नाश्त्याची सोय असेल तर मी पण सभेला येते.

घाटमाथा

सांजवात, मस्त धागा. एक भर घालतो. सिनेमांमुळे लोकांच्या डोक्यात "नको नको म्हणणारा नायक" म्हणजे अ‍ॅरॅगॉर्न असं बसलंय. सिनेमातला अ‍ॅरॅगॉर्न आपल्या रक्ताला घाबरतो, राजा व्हायला नको म्हणतो. पुस्तकातला तसा नाहीच! तो तुटलेली तलवार घेऊन फिरतो, एलरॉन्डच्या रिव्हेन्डेलहून निघायच्या आधी ती पुन्हा घडवून घेतो, आणि कुठे ठासून सांगायची वेळ आली की आपलं नाव, बापाचं नाव, वंश सगळं सांगतो. त्याला राजा व्हायचंच आहे, वर्षानुवर्षं त्याचीच तयारी चाललीये.

सिनेमावाल्यांनी फ्रोडोची नाखुशी उचलून अ‍ॅरॅगॉर्नला दिली आणि फ्रोडोच्या वाट्याला नुसते पाणावलेले डोळे ठेवले. वय पण बघा, सिनेमात विशीतला पोरगा. पुस्तकात बिल्बोच्या एकशे अकराव्या वाढदिवसाला हा तेहतीस वर्षांचा होतो आणि त्यानंतर तब्बल १७ वर्षं अंगठी घरात पडून असते. मग गॅन्डाल्फ येऊन सगळं सांगतो एप्रिलमध्ये आणि हा निघतो २३ सप्टेंबरला. पन्नाशीला आलेल्या माणसाने राहतं घर न आवडणाऱ्या नातेवाइकांना विकून निघणं आणि विशीतल्या पोराने साहसाला निघणं यात फार फरक आहे हो. पन्नाशीत आपण काय सोडतोय ते नीट कळत असतं.

दर्यावर्दी

मी विरोधी पक्षात. भावना वगैरे ठीक आहे पण मोहीम कशासाठी होती? अंगठी आगीत टाकायला. टाकली का? नाही. मग मोहीम फसली. फ्रोडोच्या जागी त्याच्या सोबतचा योद्धा बोरोमिर असता आणि त्याने शेवटच्या क्षणी "माझी" म्हटलं असतं तर आपण त्याला खलनायक म्हटलं असतं. आणि मला लेखकाचाही राग येतो, तीन खंड वाचायला लावायचे आणि शेवट काय तर पाय घसरला! हजार पानांचं उत्तर अपघात? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं रागाने.

कोरा कागद

दर्यावर्दी, तो अपघात नाहीये, म्हणजे निदान नुसता अपघात नाहीये. सुरुवातीला जा. फ्रोडोच्या घरी, बॅग एन्डमध्ये गॅन्डाल्फ अंगठीचा इतिहास सांगतो तेव्हा फ्रोडो चिडून म्हणतो की बिल्बोने त्या गॉलमला तेव्हाच मारून टाकायला हवं होतं. गॅन्डाल्फ सांगतो की बिल्बोचा हात दयेने थांबला, आणि गॉलमला शेवटपर्यंत काहीतरी भूमिका आहे असं त्याला वाटतं. पुढे गॉलम फ्रोडोच्या हातात सापडतो, मारायची पूर्ण संधी असते, सॅमचा तर त्याच्यावर रागच असतो, आणि फ्रोडोला तेच जुनं बोलणं आठवतं. तो मारत नाही. तिथे गॉलम अंगठीची शपथ घेतो. आणि माउंट डूम चढताना गॉलम अंगावर येतो तेव्हा फ्रोडो त्याला बजावतो की पुन्हा मला हात लावलास तर तू स्वतः आगीत पडशील. थोड्याच वेळात तो हात लावतो आणि आगीत पडतो.

म्हणजे बिल्बोची दया, फ्रोडोची दया, मोडलेली शपथ, ती ताकीद, हे सगळं एका ठिकाणी येऊन मिळतं. फ्रोडोने आधी गॉलमला मारलं असतं तर कड्यावर अंगठी घेऊन उभा राहिलेला फ्रोडो आणि दारात सॅम एवढंच उरलं असतं, आणि सॉरॉनचे ते पंखवाले स्वार तिकडे निघालेच होते.

अजून एक. त्याच दुसऱ्या प्रकरणात गॅन्डाल्फ त्याला म्हणतो की बघ, टाकून बघ घरातल्या चुलाण्यात. फ्रोडो फेकायला हात उचलतो आणि बघतो तर अंगठी परत खिशात. शायरमध्ये, स्वतःच्या घरात, अंगठी शांत असताना त्याला साध्या आगीत टाकता आली नाही. मग जिथे ती घडवली त्या ठिकाणी, जिथे तिची ताकद सगळ्यात जास्त, तिथे टाकता येईल? लेखकाने पहिल्याच खंडात सांगून ठेवलंय की हे कोणालाच जमणार नाही.

रानपाखरू

कोरा कागद +१. चुलाण्याचा प्रसंग मी विसरलेच होते.

चिंचगुळ

विषयांतर आहे पण विचारते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, मराठी माध्यम, इंग्रजी बरं आहे पण सवय नाही. हे पुस्तक तिला देऊ का? तुमचं सगळं वाचून मलाच वाचावंसं वाटायला लागलंय.

टिटवी

आधी 'हॉबिट' द्या. ते १९३७चं, मुलांसाठीच लिहिलेलं, आणि अंगठी बिल्बोला कशी मिळते ते त्यातच आहे. मराठीतही आलंय.

घाटमाथा

चिंचगुळ, मोठं पुस्तक पण मराठीत आहे, मुग्धा कर्णिक यांनी भाषांतर केलंय, 'स्वामी मुद्रिकांचा' नावाने. तुम्ही ते घ्या आणि मुलीला 'हॉबिट' द्या, एकाच घरात दोन्ही चालू राहू देत. फक्त एक सल्ला, सुरुवातीला हॉबिटांच्या चालीरीती, तंबाखू वगैरेवर जी लांबलचक प्रस्तावना आहे ती सरळ ओलांडून पहिल्या प्रकरणावर या. किती तरी चांगले वाचक तिथेच अडकून परत गेलेत.

पांथस्थ

आणि टॉम बॉम्बॅडिलपाशी. तीन प्रकरणं गाणी म्हणणारा म्हातारा.

कोरा कागद

बॉम्बॅडिलला काही बोलायचं नाही! त्याच्यावर अंगठीचा काडीचाही परिणाम होत नाही, बोटात घालून तो दिसतच राहतो. पण म्हणूनच सभेत ठरतं की त्याच्याकडे देऊन उपयोग नाही, त्याला तिचं काही वाटतच नाही तर तो कुठेतरी टाकून विसरून जाईल. म्हणजे बघा, मोह होणाऱ्यांना देता येत नाही आणि मोह न होणाऱ्यालाही देता येत नाही. मधल्यामध्ये जो उरतो, ज्याला मोह होणार आहे आणि तरी जो जपून नेणार आहे, तो फ्रोडो.

मंद्रसप्तक

धागा उशिरा पाहिला. लेखकाचं स्वतःचं आयुष्य बाजूला ठेवून फ्रोडोबद्दल बोलता येत नाही असं माझं मत आहे. टॉल्किन १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत होते, लँकेशायर फ्युझिलिअर्समध्ये सिग्नल्सचे अधिकारी म्हणून. खंदकातल्या उवांमुळे होणारा ताप झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना इंग्लंडला परत पाठवलं. शाळेतल्या चौघांच्या जिवलग टोळीतले (चौथे ते स्वतः) दोघे त्याच वर्षात गेले, एक तर सॉमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला. पुढे दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात त्यांनी लिहिलंय की १९१८ पर्यंत जवळच्या मित्रांपैकी एक सोडून सगळे गेले होते.

आता हे रूपक आहे असं मी म्हणत नाहीये. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब वगैरे म्हणणाऱ्यांना ते स्वतःच स्पष्ट नाही म्हणाले होते. पण मेलेल्यांचे चेहरे पाण्याखाली दिसतात ती दलदल सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सवरून काही अंशी आलीये हे त्यांनीच एका पत्रात लिहिलंय. आणि सॅम हा त्या युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांचं, अधिकाऱ्यांच्या दिमतीला असलेल्या जवानांचं प्रतिबिंब आहे, असंही.

त्या पिढीतली हजारो पोरं युद्धाला गेली ती काही शूर म्हणून जन्माला आली नव्हती. शेतकरी, कारकून, विद्यार्थी. कोणी हसत गेलं असेल, कोणी नाइलाजाने. फ्रोडो मला त्यांच्यातला वाटतो. त्याने यश मिळवलं का हा प्रश्न मला विचारावासाच वाटत नाही, तो तिथपर्यंत चालत गेला.

दर्यावर्दी

मंद्रसप्तक, प्रतिसाद आवडला. पण लेखकाने काय सोसलं यावरून पात्र मोठं होत नाही. मला पुस्तकाच्या आतलं उत्तर हवंय.

वेलदोडा

आले. आता सॅमची बाजू.

एक, अंगठी हातात आलेली असताना स्वतःहून परत देणारे फार थोडे. बिल्बोने दिली, पण गॅन्डाल्फला त्याच्यावर आवाज चढवावा लागला तेव्हा. सॅमने दिली, आणि तीही थेट सॉरॉनच्या मोरडॉरच्या हद्दीत. शेलॉब या राक्षसी कोळिणीने डंख केल्यावर फ्रोडो मेला असं समजून सॅम अंगठी घेऊन एकटा पुढे निघायचं ठरवतो. विचार करा, सगळे गेले, मालक गेला, आणि हा माळी ठरवतो की काम अर्धवट राहता कामा नये. नाखूष नायक म्हणाल तर हा आहे!

दोन, अंगठी त्यालाही स्वप्न दाखवते. महापराक्रमी सॅमवाइज, त्याच्या हुकमाने मोरडॉरची बाग झालेली. आणि तो म्हणतो मला एवढी मोठी बाग काय करायचीये, माझ्या हातांनी होईल तेवढा एक वाफा बास. मी हे वाचून दर वेळी थांबते. अख्ख्या जगातल्या शहाण्यांना जे जमलं नाही ते एका माळ्याला जमलं कारण त्याला आपली गरज किती ते माहीत होतं.

तीन, स्वतः टॉल्किननी १९५१च्या एका लांबलचक पत्रात सॅमला मुख्य नायक म्हटलंय. संपला विषय!

सांजवात

वेलदोडा, विषय इतक्यात कसा संपेल. सॅमचं सगळं मान्य, त्याच्याशिवाय फ्रोडो मोरडॉरच्या अर्ध्यात पण पोचला नसता. पण सॅमकडे अंगठी दोनेक दिवस होती. फ्रोडोकडे शेवटच्या प्रवासातच सहा महिने, त्याआधीची सतरा वर्षं वेगळी.

आणि सॅमला जे दिसत नाही ते फ्रोडोला दिसतं. किरिथ उन्गोलच्या पायऱ्यांवरचा प्रसंग आठवा. दोघे झोपलेत, गॉलम परत येतो, त्यांच्याकडे बघत राहतो, आणि हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो, अगदी जपून. त्या क्षणी तो एक थकलेला म्हातारा हॉबिट दिसतो, बदलायच्या उंबरठ्यावर आलेला. सॅम जागा होतो आणि खेकसतो, चोरून कुठे गेला होतास. झालं, तो क्षण गेला तो गेलाच. टॉल्किननी पत्रात ह्या प्रसंगाला फार मोठी शोकांतिका मानलंय. सॅमचा दोष मी म्हणणार नाही, त्याने प्रेमापोटीच केलं. पण गॉलममध्ये माणूस शोधायचं काम फक्त फ्रोडोने केलं, कारण आपणही असेच होणार आहोत हे त्याला आतून कळत होतं.

वेलदोडा

हो, तो प्रसंग वाचवत नाही मला. तरी टीम सॅम. 🙂

पांथस्थ

मला हे सगळं वाचताना अर्जुन आठवला. तोही ऐन वेळी धनुष्य खाली ठेवतो, मला हे राज्य नको म्हणतो. नाखूष नायक आपल्याकडे फार आधीपासून आहे.

घाटमाथा

आठवणं साहजिक आहे पण मला दोघं अगदी उलट वाटतात. अर्जुन जन्मभर शस्त्र चालवत आलेला क्षत्रिय, त्याची शंका एका सकाळची, समोर आपलेच लोक दिसले म्हणून. कृष्ण त्याला समजावतो आणि तो पुन्हा धनुष्य उचलतो. फ्रोडोचा प्रवास दुसऱ्या दिशेने. तो तलवार घेऊन निघतो आणि मोरडॉरमध्ये शेवटी ऑर्कचं शस्त्रही फेकून देतो, आता मी कुठलंच शस्त्र वापरणार नाही म्हणतो. आणि त्याला कोणी गीता सांगत नाही. उलट एलरॉन्ड निघताना काय म्हणतो बघा, अंगठी नेणाऱ्यावरच फक्त भार आहे, बाकी कोणावरही शपथ नाही, वाटेत कुठेही परत फिरायची मुभा आहे.

पांथस्थ

शस्त्र टाकण्याचा मुद्दा पटला. पण अर्जुनाची शंका एका सकाळची होती हे काही पटलं नाही, युद्ध संपल्यावरचा शोक वाचा. त्यावर वेगळा धागा काढतो.

दर्यावर्दी

काढा, तिथे येतो भांडायला.

कोरा कागदच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार करत होतो. गॉलमची शपथ आणि ताकीद हा धागा माझ्या लक्षात आला नव्हता हे खरं, बहुधा सिनेमामुळे, तिथे दोघांची झटापट होते आणि दोघेही कड्यावरून जातात, फ्रोडो लटकतो. पुस्तकात फ्रोडो त्याला ढकलत नाही, हे मला जास्त आवडलं आता. पण तरी मी त्याला नायक म्हणणार नाही. तो चांगला माणूस आहे, त्याने शक्य ते सगळं केलं, आणि तो हरला. हरलेल्याला हरलेला म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही.

मंद्रसप्तक

हे तर फ्रोडोला पण मान्य होईल, दर्यावर्दी. त्याला शेवटपर्यंत हीच टोचणी असते. टॉल्किननी १९६३च्या एका पत्रात यावर सविस्तर लिहिलंय, की त्या टोकाच्या दबावाखाली कोणीही टिकलं नसतं, त्यामुळे हे नैतिक अपयश नाही, पण फ्रोडोला स्वतःला तसं वाटणं बंद झालं नाही.

रानपाखरू

मला शेवटच्या प्रकरणांबद्दल लिहायचंय कारण ती सिनेमात जवळजवळ नाहीतच. चौघे हॉबिट (फ्रोडो, सॅम, मेरी, पिपिन) शायरला परत येतात तर तिथे फितूर जादूगार सारुमानच्या माणसांनी झाडं तोडलीत, गिरण्यांचा धूर, घरांवर हुकूम. मेरी शिंग फुंकतो, तो आणि पिपिन लोकांना उठवतात, बायवॉटरची लढाई होते, १९ हॉबिट मरतात. फ्रोडो त्या लढाईत असतो पण तलवार उपसत नाही. तो फक्त एक काम करतो, शस्त्र टाकलेल्यांना चिडलेल्या लोकांकडून मारू देत नाही. सारुमान त्याच्यावर सुरी चालवतो, आतल्या चिलखतामुळे वाचतो, तरी म्हणतो जाऊ द्या त्याला. दर्यावर्दी, तुम्ही हरलेला म्हणता तो हा. शायरमध्ये मान कोणाला मिळतो तर चकाकत्या कपड्यातल्या मेरी-पिपिनला. फ्रोडोला कोणी विचारत नाही, सॅमला त्याचं वाईट वाटतं.

आणि मग दुखणं. ६ ऑक्टोबर, ज्या दिवशी वेदरटॉप टेकडीवर त्याला भोसकलं होतं, त्या तारखेला दर वर्षी आजारी पडतो. १३ मार्च, शेलॉबच्या डंखाची तारीख, पुन्हा आजारी. गळ्यातला पांढरा खडा मुठीत धरून पडलेला सापडतो आणि म्हणतो ती कायमची गेली, आता सगळं अंधारलेलं आणि रिकामं आहे. ती म्हणजे अंगठी! नष्ट झाल्यावरही तो तिच्यासाठी झुरतोय. आणि हे सॅमला तो कळू देत नाही, सॅमचं नवं लग्न, पहिली मुलगी होणारे.

माझे मोठे काका ७१च्या लढाईत होते, सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घराघरात कोणीतरी फौजेत. काका परत आले, शेती केली, मुलांची लग्नं केली, सगळ्यांशी हसून बोलायचे. डिसेंबरमध्ये मात्र काही दिवस माडीवरून खाली यायचे नाहीत आणि काकू आम्हा मुलांना वर जाऊ द्यायची नाही. कशामुळे ते कोणी बोलायचं नाही. ही तारखांची पानं वाचली तेव्हा मला काकांबद्दल जे कळलं ते घरात कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मला फ्रोडोला कोणी रडका म्हटलं की राग येतो.

सांजवात

रानपाखरू, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

टिटवी

❤️

चिंचगुळ

पुस्तक मागवलं. दोन्ही. मुलीने 'हॉबिट'ची कोडी वाचून घरभर सगळ्यांना विचारायला सुरुवात केलीये.

कोरा कागद

वा! गॉलम आणि बिल्बोचा कोड्यांचा सामना ना, तोच तो प्रसंग जिथे बिल्बोचा हात थांबतो. मुलीला विचारा तिला काय वाटलं, मारायला हवं होतं का.

चिंचगुळ

विचारलं. म्हणाली, "मारायचं कशाला, त्याला बाहेर जायचा रस्ता तर मिळाला."

दर्यावर्दी

तुमच्या मुलीशी वाद घालायची माझी तयारी नाही.

रानपाखरू, शेवटची प्रकरणं मी घाईत वाचली होती, अंगठी नष्ट झाली म्हणजे गोष्ट संपली अशा समजुतीत. "नायक" या मुद्द्यावर अजून तिथेच आहे पण परत वाचणार. पूर्ण नाही, एवढा वेळ नाही. कुठून धरू?

सांजवात

पहिल्या खंडातलं दुसरं प्रकरण, चुलाण्याचं. मग सभा. मग सरळ माउंट डूमपासून शेवटपर्यंत, एकही पान न गाळता. वाचून झालं की इथेच लिहा, पटलं नाही तरी लिहा.